मनू, आधी तो गार्ड परत लाव

प्रिय मनू,

काल रात्री तू पाठवलेला फोटो झोपायच्या आधी बघितला आणि मग झोपच लागली नाही. फोटो छान आहे गं, हातात ग्राइंडर, समोर पाइप, ठिणग्यांचा फवारा, आणि तुझ्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला चांगला ओळखीचा आहे, स्वतःच्या हाताने काहीतरी कापून जोडून उभं करताना मलाही तसंच होतं. पण मग मी फोटो मोठा करून बघितला. ग्राइंडरला गार्ड नाही, डिस्कवर बसणारी लोखंडी वाटी असते ना, ती. डोळ्यावर गॉगल नाही, रोजचा नंबरचा चष्मा तेवढा आहे. केस मोकळे. एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात पाइप. फोनवर बोलले असते तर तू "हो गं आई, हो गं" करून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय, सगळं वाच, आणि परत मशीन हातात घ्यायच्या आधी वाच.

माझ्या डाव्या गालावर डोळ्याच्या खाली जो व्रण आहे ना, तो कपाटाचा कोपरा लागून झाला असं मी तुला लहानपणी सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. तू चार वर्षांची होतीस, आतल्या खोलीत झोपली होतीस, आणि तू उठायच्या आत टेबलाची फ्रेम कापून व्हावी म्हणून माझी घाई चालली होती. गार्ड मीच काढला होता, एका कोपऱ्यात डिस्क पोचत नव्हती म्हणून, आणि मग परत लावायचा कंटाळा केला. पाइप दोन स्टुलांवर आडवा ठेवला होता आणि मी बरोब्बर मधोमध कापत होते. आता काय होतं बघ, पाइप दोन्ही टोकांना टेकलेला आहे, काप खोल गेला की मधला भाग खाली झुकतो, कापाच्या वरच्या कडा जवळ येतात आणि डिस्क चिमट्यात सापडते. तसंच झालं. मशीनने हाताला जोरात हिसका दिला, डिस्क फुटली आणि तुकडा गालात घुसला. गॉगल होता माझ्याकडे, कपाळावर चढवलेला. तुकडा दोन बोटं वर लागला असता तर तुझा कालचा फोटो मी एका डोळ्याने बघितला असता. एवढ्या वर्षांत हे कुणाला नीट सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही अर्धंच माहितीय.

नंतर मी हिशोब करून बघितला होता. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे मारतो. 100 मिमी डिस्कचा घेर झाला 314 मिमी, म्हणजे तिची कड सेकंदाला 57 मीटर पळते, ताशी 200 किलोमीटरच्या वर. तुकडा सुटतो तो त्याच वेगाने सुटतो. अर्ध्या मीटरवर असलेल्या तुझ्या तोंडापर्यंत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही, पापणी मिटायलाही त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्या तुकड्याच्या आणि तुझ्यामध्ये फक्त ती लोखंडी वाटी असते, बाकी काही नाही. गार्ड आडवा येतोय असं वाटलं तर तो ढिला करून फिरवता येतो, फिरवून बघ. तरीही जमत नसेल तर ते काम ग्राइंडरचं नाही असं समज, हॅकसॉ घे, दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

आणि पाइप हातात धरून कापायचा नाही म्हणजे नाहीच. क्लॅम्पने टेबलाला घट्ट बांध, कापून पडणारा तुकडा टेबलाच्या बाहेर लटकत ठेव, म्हणजे काप उघडत जाईल आणि तुकडा आपोआप खाली पडेल, चिमटा बसणारच नाही. मशीन दोन्ही हातांनी धरायचं, त्यासाठीच बाजूचा हँडल दिलेला असतो. स्वतः डिस्कच्या रेषेत उभी राहू नकोस, थोडी बाजूला राहा.

डिस्कवर लिहिलेलं वाचत जा. जास्तीत जास्त किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते छापलेलं असतं, तो आकडा मशीनच्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा हवा. मोठ्या मशीनची मोठी डिस्क छोट्या ग्राइंडरला लावायला गार्ड काढावा लागतो, आणि मोठ्या डिस्कला तेवढा वेग सोसत नाही, म्हणजे एकाच वेळी दोन चुका होतात. मधल्या धातूच्या रिंगवर बऱ्याचदा तारीखही असते, तीही बघ, ओल लागलेली किंवा हातातून पडलेली डिस्क सरळ फेकून दे, चीर दिसली नाही तरी. कापायच्या पातळ डिस्कने घासायचं नाही, बाजूने दाब आला की ती तुटते, घासायला जाड डिस्क वेगळी मिळते. नवीन डिस्क लावली की अर्धा मिनिट नुसतीच फिरव, तोंडापासून लांब धरून. आणि एक कळकळीने सांगते, लाकूड कापायची दातेरी पात ग्राइंडरला बसत असली तरी लावू नकोस, ते दात लाकडात रुततात आणि अख्खं मशीन उसळून अंगावर येतं. लाकडासाठी जिगसॉ आहे, सर्क्युलर सॉ आहे.

ठिणग्या कुठे जाताहेत तेही बघत जा. फोटोत मागे थिनरचा डबा दिसतोय मला.

तू हे सगळं सोडून द्यावंस असं मला अजिबात वाटत नाही बरं का. उलट ड्रिल घेतलीस म्हणालीस तेव्हा मला इतका आनंद झाला, घरातलं पहिलं मशीन ड्रिलच असावं असं माझं ठाम मत आहे. पण तू म्हणालीस की भिंतीत भोक मोठं झालं आणि स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा प्लग सैल बसतोय. त्याचं कारण बहुतेक असं की बिट हलला किंवा एक नंबर मोठा घेतलास. 8 मिमीच्या प्लगला 8 मिमीचाच बिट, भिंतीचा म्हणजे टोकाला कार्बाइड लावलेला, सुरुवातीला हॅमर, म्हणजे ड्रिलचा ठोके देत फिरायचा मोड, बंद ठेवून हळू फिरवून छोटा खड्डा पाडायचा आणि मगच हॅमर चालू करायचं, तेवढ्याने बिट घसरायचा थांबतो. प्लगच्या लांबीपेक्षा सेंटीमीटरभर जास्त खोलीवर बिटला टेप गुंडाळून खूण कर. मध्येमध्ये बिट फिरत असतानाच बाहेर काढ म्हणजे पावडर निघते, भोकात पावडर राहिली की प्लग पूर्ण आत जात नाही आणि आपण हातोडीने ठोकत बसतो. टाइलवर मात्र हॅमर लावायचाच नाही, खुणेवर मास्किंग टेप चिकटव, भाल्याच्या टोकासारखा टाइलचा बिट लाव, हळू फिरव, टाइल पार झाल्यावर बिट बदलून हॅमर. बिट बदलताना दर वेळी बॅटरी काढ, वायरचं मशीन असेल तर सॉकेटमधली पिन काढ, ट्रिगरवर बोट चुकून पडायला कितीसा वेळ लागतो.

भोक पाडायच्या आधी स्विचबोर्ड कुठेय ते बघ. वायर बहुतेक वेळा बोर्डापासून सरळ वर नाहीतर सरळ खाली नाहीतर आडवी गेलेली असते, तिरकी क्वचितच, म्हणून त्या सरळ रेषा सोडून भोक पाड, नळाच्या वरची भिंतही तशीच सोड. भिंतीतली वायर शोधायचा डिटेक्टर मिळतो तो घेच. त्या खोलीचा एमसीबी पाडून काम केलंस तर आणखी चांगलं, ड्रिल बॅटरीचं आहेच तुझं. आणि बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का बघ, त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का तेही बघ, पडला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलव, माझी वाट बघू नकोस. एक्स्टेंशनची गुंडाळी असेल तर पूर्ण उलगडून वापर, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

ड्रिलवर कापडी हातमोजे घालू नकोस, हे लोकांना उलटं वाटतं पण मोज्याचा धागा बिटमध्ये सापडला की बोटही त्याच्या मागून जातं. केस बांध. हुडीच्या दोऱ्या आत घाल. अंगठी काढ.

कानाचं आणि धुळीचं लोक मनावर घेत नाहीत कारण त्यात रक्त येत नाही. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास चालतात, पण दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं, आणि भिंतीत हॅमर चालू असताना आवाज त्याच्या आसपास जातो. माझ्या उजव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, गेली कित्येक वर्षं, ती आता जाणार नाही. इअरमफ घाल. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, तिचे बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथेच राहतात, कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात तिचं नाव आहे, लाकडाच्या भुशाचंही आहे. रुमाल बांधून काही होत नाही, एन95 मास्क लाव, आणि दुसऱ्या कुणाला तरी भोकाखाली व्हॅक्यूमचा पाइप धरायला सांग.

मी तुझ्यासाठी गॉगल घेऊन ठेवलाय, बाजूने बंद असलेला, चष्म्यावरून बसणारा. तो येईपर्यंत कापायचं काम थांबव, फ्रेम आठ दिवस उशिरा झाली तर काही बिघडत नाही. ग्राइंडरच्या खोक्यात गार्ड आणि त्याचा छोटा पाना असेल, शोध, बसव, आणि मला फोटो पाठव, तुझा नाही पाठवलास तरी चालेल, नुसत्या मशीनचा.

तुझी,
आई