दान घटले, पण कशाचे?

महोदय,

धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांवर सध्या बरीच टीका होते. ‘माल फुकटचा आणि वर किमती चढ्या’ असा एकंदर सूर. अशाच एका दुकानाच्या मागच्या खोलीत मी आलेल्या पिशव्या निवडते, म्हणून हे पत्र.

माल फुकट येतो, खरं आहे. पण शर्ट आला की कॉलर उलटवून पाहायची, मग काख. पिवळा डाग दिसला की बाद. पँटची चेन वरखाली करायची, खिसे उलटे करायचे (त्यांतून काय काय निघतं ते न सांगितलेलंच बरं). विजेची वस्तू जाणकाराने तपासल्याशिवाय विकायला ठेवता येत नाही. भाडं, वीजबिल, पगार कुणाला चुकलेत? आणि बाद मालाची विल्हेवाटही आमच्याच माथी. लोकरीचे कपडे पिंजून पुन्हा सूत निघतं, पानिपतची ब्लँकेटं त्यावरच उभी राहिली. पण सुती, पॉलिस्टर आणि इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) एकत्र विणलेल्या टी-शर्टातून धागे वेगळे काढणं महाकठीण.

पिशव्या कमी झाल्यात, त्याहून मला खुपतो तो त्यांतला माल. ईबे, व्हिंटेड अशा जुन्या वस्तू विकायच्या संकेतस्थळांवर चांगला कोट घरबसल्या विकता येतो. ज्याची वस्तू त्याने विकावी, त्यात गैर काही नाही. पण तिथे ज्याला गिऱ्हाईक मिळत नाही, ते ‘दान’ होऊन आमच्याकडे येतं. १९०२ मध्ये बोस्टनला एडगर हेल्म्स यांनी गुडविल ही धर्मादाय संस्था सुरू केली, ती जुने कपडे गोळा करून गरजूंकडून दुरुस्त करून घेण्याच्या कल्पनेवर. आजचे स्वस्त कपडे दुरुस्त करायला घ्यावेत तर टाक्याबरोबर कापडच फाटतं.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. विक्रीतलं किती संस्थेच्या कामाला गेलं, किती वरिष्ठांच्या पगारात, हे दुकानात कुठेही लिहिलेलं नसतं. न खपलेल्या कपड्यांचे जे गठ्ठे परदेशी गेले, त्यांचं पुढे काय झालं, तेही नाही. घानातल्या आक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात असल्या गठ्ठ्यांतून कचराही ढिगाने निघतो. दाराशी एक फळा लावून दरमहा हिशेब लिहायला काय हरकत आहे? मी सुचवलं, तर ‘वरून परवानगी लागेल’ असं उत्तर मिळालं. तो ‘वर’ कोण, ते अजून कळलेलं नाही.

देणाऱ्यांना एवढीच विनंती, की कपडे धुऊन द्या आणि बुटांची जोडी नाडीने बांधून द्या. एकेकटे बूट आमच्याकडे भरपूर आहेत.

– एक स्वयंसेविका