न्यूयॉर्कचे जर्मन बिअर हॉल म्हणजे दारूचे अड्डे नव्हेत

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत न्यूयॉर्कमधल्या खाण्यापिण्याच्या ठिकाणांवरचा लेख वाचला. त्यात जर्मन हॉटेलांची आणि बिअर हॉलची दोन ओळींत बोळवण केली आहे. ते दारूचे अड्डे आहेत, तिथं दंगा चालतो, बायकामुलांना घेऊन जाण्यासारखी ती जागा नव्हे, आणि जर्मन बिअरची बागच बघायची तर क्वीन्समधल्या अस्टोरियातली बघावी, असा त्याचा सूर आहे. मी १९७४ पासून या शहरात आहे, नर्स म्हणून इथंच निवृत्त झाले. ते वाचून मला वाईट वाटलं.

आधी साधी चूक सांगते. अस्टोरियातला बोहेमियन हॉल जर्मनांचा नाही, चेक लोकांचा आहे. १९१० साली त्यांच्या मंडळानं तो उभारला. पुढच्या वेळी लिहिताना तेवढं नीट यावं.

आता बायकामुलांचं. मॅनहॅटनच्या बॉवरी रस्त्यावर १८५८ साली अटलांटिक गार्डन नावाचा प्रचंड हॉल निघाला. तिथं रविवारी आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळी घरं येऊन बसत, वर बँड वाजत असे. आठवडाभर शिवणकाम, सुतारकाम, सिगारी वळणं असली कामं करणाऱ्या माणसांची ती एकच सुट्टी. रविवारी दारूबंदी हवी म्हणणाऱ्यांशी जर्मन वस्ती वर्षानुवर्षं भांडली, ती या कौटुंबिक रविवारासाठी. बायकामुलं तिथं पहिल्यापासून होती, हे लेखकानं कुणाला तरी विचारायला हवं होतं.

मी आले तेव्हा यॉर्कव्हिल या मॅनहॅटनमधल्या जुन्या जर्मन वस्तीत, पूर्व ८५व्या रस्त्यावर, एका जर्मन बाईंकडे खोली घेतली. आम्ही भाडेकरू मुली त्यांना ओमा म्हणायचो, म्हणजे आजी. शनिवारी त्या कार्टोफेलपुफर, म्हणजे बटाट्याच्या किसाची तव्यावरची धिरडी, करत. कच्चा बटाटा किसायचा, फडक्यात घट्ट पिळायचा, खाली निथळलेलं पाणी वाटीत तसंच ठेवायचं. थोड्या वेळानं वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं आणि तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व बोटानं खरवडून पुन्हा किसात घालायचं. 'हे टाकलंस तर सगळं तव्यावर सुटून जाईल,' असं म्हणत त्या वाटी माझ्या नाकासमोर धरायच्या. सोबत सफरचंदाचा शिजवलेला गर. मी आजही तसेच करते.

शुक्रवारी त्या मला सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका छोट्या जर्मन हॉटेलात न्यायच्या. कोपऱ्यातलं मोठं टेबल ठरलेल्या माणसांचं. त्याला श्टामटिश म्हणतात, नवख्यानं तिथं परस्पर बसायचं नाही. एका शुक्रवारी त्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ साडेसहा वाजले तरी आले नाहीत. वाढणारी बाई दोनदा दारापर्यंत जाऊन आली. मग तिनं एप्रन काढला. ओमा मला म्हणाल्या, 'तू नर्स आहेस, चल.' आम्ही चार मजले चढून गेलो, इमारतीच्या रखवालदाराकडून दार उघडून घेतलं. ते सकाळपासून न्हाणीघराच्या दाराशी पडून होते, मांडीचं हाड मोडलेलं. त्यांचं या शहरात रक्ताचं कुणी नव्हतं. त्यांची चौकशी करणारं होतं ते हे टेबल. लेखात ज्याला अड्डा म्हटलंय ना, तो हा.

ही ठिकाणं कमी का झाली, याचं कारण 'लोकांची चव बदलली' असं दिलं आहे. तेवढंच नाही हो. १५ जून १९०४ला खालच्या ईस्ट साइडच्या एका जर्मन चर्चची सहल घेऊन निघालेली जनरल स्लोकम ही बोट ईस्ट रिव्हरमध्ये पेटली. हजारावर माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुलं. ओमांच्या सासूची धाकटी बहीण त्यात होती. तिथले जर्मन लोक आधीपासून उत्तरेकडे, यॉर्कव्हिलकडे सरकत होतेच, त्यानंतर ती वस्ती जवळजवळ उठलीच. मग पहिलं महायुद्ध, जर्मन बोलण्याचीही भीती. १४व्या रस्त्यावरच्या ल्यूचोज या प्रसिद्ध जर्मन हॉटेलानं तर नावातल्या 'यू'वरचे दोन ठिपके काढून टाकले, ते कित्येक वर्षांनी परत आले. त्यावर १९२० ते १९३३ दारूबंदी. तीसच्या दशकात यॉर्कव्हिलमध्येच हिटलरच्या समर्थकांचे मोर्चे निघाले. हेही लिहिलं पाहिजे, लपवण्यात अर्थ नाही. त्या वर्षांबद्दल ओमा कधी बोलल्या नाहीत, विचारलं की उठून भांडी घासायला लागत.

उरलेलं काम जागांच्या वाढत्या भाड्यानं केलं. थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची उन्नत रेल्वे १९५५ला बंद झाली आणि तिथं टॉवर यायला लागले. रूपर्टचा बिअरचा मोठा कारखाना १९६५ला बंद पडला, मी राहायला आले त्या सुमारास त्याच्या जागेवर उंच इमारती उभ्या राहत होत्या. ८६व्या रस्त्यावरची केकची दुकानं, नाचाचे हॉल माझ्या डोळ्यांदेखत गेले. ल्यूचोजची इमारत १९९५ला पाडली, आता तिथं विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे. आम्ही शुक्रवारी जायचो ते हॉटेलही गेलं.

मी आता क्वीन्समध्ये राहते. तिथल्याच ग्लेनडेलला मर्टल अ‍ॅव्हेन्यूवर त्सुम श्टामटिश हे जर्मन हॉटेल आहे, १९७२पासूनचं. ओमांचं टेबल ज्या नावाचं, तेच नाव. माझ्या दोन्ही नाती तिथं बसून जेवायला शिकल्या, पाळण्यातल्या पोरांपासून काठी टेकत येणाऱ्यांपर्यंत सगळे तिथं शेजारी शेजारी बसतात.

माझी विनंती एवढीच की आपण चुकीची दुरुस्ती छापावी, आणि त्या लेखावर विसंबून इकडे येणाऱ्या वाचकांना ही ठिकाणं टाळायला लावू नये. बिअर घेतलीच पाहिजे असं तिथं कुणी म्हणत नाही. मांस न खाणाऱ्यांनी बटाट्याचे पुफर आणि प्रेट्झेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा खारा पाव, मागवावेत. पुफरमध्ये बहुतेक ठिकाणी अंडं असतं, आणि लाल कोबी पुष्कळदा डुकराच्या चरबीत शिजवतात, तेव्हा वाढणाऱ्याला आधी विचारून घ्यावं. ते न कंटाळता सांगतात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका
क्वीन्स, न्यूयॉर्क