इलकलच्या अक्कांना जाहीर आभार

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोस्टानं तुमच्या घरी पाठवता आलं असतं, पण मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. बेळगावात शहापूरच्या माझ्या दुकानात बायका कुर्ता अंगाला लावून बघतात आणि 'किती सुरेख डिझाइन केलंयस गं' म्हणतात. त्या कौतुकातला मोठा वाटा ते कापड मागावर विणणाऱ्या तुमचा आहे. कॉलरच्या आत मात्र माझंच नाव शिवलेलं असतं. तुमचा वाटा कोणता, तो लोकांना नीट कळावा म्हणून हे लिहिणं.

मी तुमच्याकडे आले ती कागदावर एक चित्र घेऊन. कुर्त्याच्या घेराला इरकलीचा, म्हणजे इलकलच्या साडीचा, तांबडा पदर यावा, एवढंच डोक्यात होतं. बाजारात हे काम एका ठरलेल्या रीतीनं होतं: साडी घ्यायची, पदर कापायचा, घेराला जोडायचा आणि उरलेल्या अंगाचे ब्लाउज, पिशव्या काढायच्या. साडीला पदर एकच, म्हणजे एका कुर्त्यापायी एक साडी मोडायची. तुम्ही चित्र बघितलंत आणि म्हणालात, "विणलेलं कापायचं कशाला? तेवढाच ताणा लावूया की." ताणा म्हणजे मागावर लावलेले उभे दोरे. बेळगावच्या वडगावचं माहेर असलेल्या बाईचं ते मराठी इलकलमध्ये ऐकून मला निम्मा धीर तिथंच आला.

मग तुम्ही मला मागापाशी बसवून पदर कसा जोडतात ते दाखवलंत. या जोडणीचं नाव 'तोप तेनी'. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. आजीच्या लुगड्याबद्दल बोलताना घरात तो हमखास निघायचा. पण अंगाचा ताणा सुताचा, पदराचा ताणा वेगळ्या तांबड्या रेशमाचा, आणि दोन्हींच्या टोकांना फासे करून ते एकात एक अडकवायचे, हे बघायला मिळालं ते तुमच्याकडेच. गाठ कुठेच नाही. तुम्ही एक फासा उचलायचात, त्यात दुसरा ओवायचात, बोटानं हलकेच ओढून बघायचात आणि पुढच्याकडे वळायचात. मान वर नाही, बोलणं मात्र चालू. साडीच्या पन्ह्यात असे किती दोरे येतात हे डोळ्यांनी बघितल्यावर माणूस इरकलीची किंमत करताना जरा थांबतो. या पदरासाठी दर साडीला ताणा निराळा लावावा लागतो. एकच लांब ताणा चढवून साड्यांवर साड्या काढायची सोय त्यात नाही.

त्या दिवशी कळलेली आणखी एक गोष्ट मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. खऱ्या इरकलीच्या पदराचा तांबडा रंग इतका भरदार का दिसतो? तिथं उभा दोराही तांबडा आणि आडवाही तांबडा. यंत्रमागावरच्या स्वस्त नकलेत ताणा शेवटपर्यंत अंगाच्याच रंगाचा राहतो आणि पदराला फक्त बाणा, म्हणजे आडवा दोरा, बदलतात. मग हिरव्या साडीच्या पदरात हिरवा डोकावतो आणि तांबडा मळकट पडतो. नक्षी हुबेहूब उचलता येते, पण हा रंग तो सांधा केल्याशिवाय येत नाही. दुकानात मी दोन्ही पदर शेजारी ठेवते. बायका बघतात आणि आपणहून ओळखतात.

आता कुर्त्याचं. माझ्या चित्रात पुढचा भाग वेगळा, पाठ वेगळी, खांद्यावर शिवण. तुम्ही म्हणालात, दोन्ही टोकांना पदर जोडूया, मधोमध दुमडा, गळा तेवढा कापा. खांद्याला शिवण नको, घेराला दुमड नको. पन्हा कमी ठेवलात, त्यामुळे दोन्ही काठ बरोबर कुशीवर आले आणि बाजूचे काप काठानंच सजले. सांधा एकाच्या जागी दोन वेळा करावा लागला, दुप्पट कष्ट. आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही नक्षीचा क्रम उलटा धरलात, नाहीतर पदरावरची हणगी (फणी) आणि कोटी कम्मळी (किल्ल्याचे तट) ही नक्षी पुढे सरळ, पाठीमागे तेच तट खाली डोकं वर पाय. मला ते दुमडून दाखवेपर्यंत सुचलंच नव्हतं. तुम्ही मात्र पहिला बाणा टाकण्याआधीच सगळं मनात दुमडून बघितलं होतंत. फॅशन डिझाइनच्या वर्गात आम्हाला कापडावर कागदी नमुना ठेवून कातरी चालवायला शिकवतात. कपड्याचा विचार ताणा लावतानाच सुरू करता येतो, हे शिकवणाऱ्या तुम्ही.

कशिद्याचंही सांगायला हवं. कसुतीत आधी रेघा मारत नाहीत, कापडाचे दोरे मोजत टाका घालतात. धारवाडकडच्या ज्या मावशी माझ्यासाठी कसुती करतात, त्यांची तक्रार असायची की गोपुर काढायला घेतलं की ते उंच तरी होतं, नाहीतर बसकं. कारण साधं होतं: इंचाला उभे दोरे आणि आडवे दोरे सारखे पडत नव्हते. मी हे तुम्हाला सहज बोलले. पुढच्या खेपेला तुम्ही बाण्याची ठोक सांभाळून दोन्हींची संख्या जुळवलीत. गोपुर नेमकं आलं, रथ आला, तुळशीवृंदावन आलं. कसुतीतला गवंतीचा टाका दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, म्हणून त्या कापडाच्या जाकिटाला मी अस्तरच लावलं नाही. बाही उलटून घडी घातली की आतली कसुतीही तितकीच देखणी. कापडच सरळ नसतं तर हे धाडस झालं नसतं.

खणाच्या साड्यांची लाट आली, तेव्हा आपण दोघी त्यावर बराच वेळ बोललो होतो. गुळेदगुड्ड गावचा खण म्हणजे चोळीपुरतं अरुंद कापड. ताण्यातल्या जादा दोऱ्यांनी नक्षी उठते, म्हणून ती लांबीनं ओळीत चालते. देवीची ओटी भरायला लागणारा तो खण पुण्यामुंबईत साडी झाला, कंदील झाला, पर्स झाला. लोकांना तो आवडला याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातलं कितीतरी कापड यंत्रमागावरचं, पॉलिस्टरचं असतं, आणि गुळेदगुड्डच्या विणकराच्या हाती त्यातलं काही पडत नाही. १९८५ च्या कायद्यानं काही प्रकारची वस्त्रं हातमागासाठी राखून ठेवली आहेत, इरकलीला भौगोलिक मानांकनही आहे. तरी दुकानात उभ्या असलेल्या बाईला फरक कुणी दाखवायचा, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते ते काम शिवणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं आहे. 'इरकल प्रिंट' अशी पाटी लावून छापील कापड विकणं मला पटत नाही आणि माझ्या दुकानात ते मिळणार नाही.

मजुरीबद्दल तुम्ही मोकळेपणानं बोललात, त्याबद्दल तर विशेष आभार. सूत मालकाचं, विणलेल्या साडीमागे मजुरी, आणि कांड्या भरणं, फासे ओवणं ही घरातल्या बायकांची कामं त्या मजुरीतच धरलेली, वेगळी कुणी मोजत नाही, हे तुम्ही सांगितलंत. तेव्हापासून आपल्या कामात सांधा करण्याची मजुरी आणि विणण्याची मजुरी मी वेगवेगळी लिहिते आणि कुर्त्याच्या चिठ्ठीवर दोन्ही छापते. एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे कशाला? मी तिला पदराचा सांधा बोटाला लावून दाखवला. ती दोन कुर्ते घेऊन गेली.

येत्या संक्रांतीसाठी काळ्या अंगाचं काम करूया, असं मनात आहे. चंद्रकळेसारखा काळा ताणा, दोन्ही टोकांना तांबडा पदर आणि काठ गोमी नावाच्या नक्षीचा. पन्हा मागच्यापेक्षा दोन इंच जास्त लागेल, कारण या वेळी जाडजूड बायकांचीही मापं घेतली आहेत. मागच्या खेपेला त्या हिरमुसून परत गेल्या होत्या. काळ्यावर दोरे मोजताना मावशींच्या डोळ्यांना त्रास होतो, तेव्हा सूत थोडं जाड घेतलं तर चालेल का, ते तुमच्या अंदाजानं ठरवा. दिवाळी झाली की मी येतेच. त्याआधी वडगावला तुमच्या आईंकडे जाऊन येईन. काही पाठवायचं-आणायचं असेल तर फोनवर सांगा.

तुमची,
शहापूर, बेळगावची शिवणारी