लुसाका ते फ्रान्सिसटाउन, वाटेत भेटलेल्या सगळ्यांचे आभार

नाव कुणाचंच विचारलं नाही, म्हणून इथेच लिहितेय. झांबियातल्या लुसाकाहून लिव्हिंगस्टनला निघालेली बस कालोमोच्या पुढे बंद पडली, अंधार पडायला लागलेला आणि माझ्याकडे पाण्याची अर्धी बाटली. शेजारच्या मावशींनी पाठीवरचं बाळ सोडलं, ते बांधलेला चितेंगे, म्हणजे रंगीत सुती कापड, तोच रस्त्याकडेला अंथरला आणि मला हाताला धरून बसवलं. मग डब्यातला न्शिमा, आपल्या मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसारखा असतो, त्याचा गोळा हातात दाबून त्यात अंगठ्याने खळगा कसा करायचा आणि भाजी कशी उचलायची ते दाखवलं. मावशी, त्वालुंबा! टोंगा भाषेतला 'धन्यवाद', हा एकच शब्द तुमच्याकडून शिकले.

दुसऱ्या दिवशी झांबिया-बोत्स्वाना सीमेवरच्या कझुंगुलाला ज्या ट्रकवाल्या काकांनी पुलावरून पलीकडे सोडलं त्यांचेही खूप आभार. ९२३ मीटरचा पूल, खाली झांबेझी, २०२१ च्या आधी इथे तराफ्यावर चढायला ट्रकांना दिवसच्या दिवस थांबावं लागायचं हे त्यांनीच सांगितलं. बोत्स्वानात गुरांच्या लाळ्या-खुरकूतमुळे बूट औषधात बुडवावे लागतात, बॅगेतले जादाचेसुद्धा, ते आधीच वर काढून ठेव म्हणाले म्हणून माझा वेळ वाचला.

आणि कासाने-फ्रान्सिसटाउन बसमधल्या आजी, नाटाच्या अलीकडे हत्ती रस्त्यावर आले तेव्हा मला उठवून खिडकीची जागा दिलीत. के आ लेबोगा, आजी, म्हणजे तुमच्या त्स्वाना भाषेत धन्यवाद.