छपराकडे तरी पाहायचे होते

महोदय,

गिरणगावातील मॉलच्या विस्तारावरचा आपला रविवारचा लेख वाचला. मेहनत दिसते, पण नकाशात जुन्या इमारतींखाली सरसकट ‘गोदाम’ छापले आहे, याचा संताप आला.

करवतीच्या दातांसारखे छप्पर आणि उत्तरेकडे काचा, अशी शेड माल साठवायला कोणी बांधत नाही. ऊन न येता दिवसभर सारखा उजेड राहावा, तुटलेला धागा दिसावा, म्हणून ती बांधणी. तिथे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालत होते. आणि फाटकाजवळची जी बैठी खोली तुम्ही ‘दुकानाची जुनी कोठी’ ठरवलीत, ते पाळणाघर होते. माझी आई त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होती. धाकट्याला पाजायला ती तिथे धावत यायची, केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. आता तिथे कपड्यांची खोकी रचलेली असतात. मागे आईला ती जागा दाखवायला नेले, तर रखवालदाराने दारातूनच हाकलले.

फिनिक्स मॉलच्या बाबतीत तर तुम्ही ‘पूर्वी बिग बझार’ म्हणून थांबलात! ती १९०५ सालची कापड गिरणी. धुराडे राखले म्हणजे इतिहास राखला, असे लेखात सुचवले आहे. त्या धुराड्याखाली राबलेल्या माणसांचे काय?

कुठली इमारत कशाची होती, हा हौसेचा प्रश्न नाही. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीतून पालिका, घरे बांधणारी म्हाडा आणि मालक असे तीन वाटे होते. २००१च्या दुरुस्तीने वाटणी आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरतीच उरली. शेड पाडून मोकळी झालेली जमीन त्यातून वगळली. सर्वोच्च न्यायालयानेही २००६मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. कामगारांच्या घरांना किती जमीन मिळणार, हे त्या शेडवर ठरले. लेखात याची एक ओळ नाही.

त्याच अंकात मधली दोन पाने त्याच मॉलच्या सेलची जाहिरात आहे. वाचकांच्या पत्रांना मात्र हल्ली अर्धा रकाना! मागच्या महिन्यातले माझे चाळीच्या पाण्याबद्दलचे पत्रही आले नाही.

नकाशा दुरुस्त करून त्याच पानावर छापावा, ही विनंती. वार्ताहराला करी रोडला पाठवा. आई अजून एकेक खाते बोट ठेवून सांगते.

— वाइंडिंगवालीचा मुलगा, करी रोड