शौचालये झाली, खड्ड्यांचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील खेड्यांत आता बहुतेक घरांच्या परड्यात शौचालय दिसते. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानातून मिळालेल्या १२,००० रुपयांत पदरचे घालून लोकांनी ती बांधली आणि बायाबापड्यांची अंधार पडेपर्यंतची कुचंबणा पुष्कळ कमी झाली, याबद्दल दुमत नाही. मात्र तपासणी झाली ती दाराची, भांड्याची आणि दारापुढे उभ्या केलेल्या लाभार्थ्याच्या फोटोची. जमिनीखाली काय बांधले आहे, हे फारसे कोणी पाहिलेले नाही.

अभियानात ज्यावर भर होता तो नमुना दोन खड्ड्यांचा आहे. साडेतीन-चार फूट खोल, बाजूंनी जाळीदार बांधणीचे, तळ मातीचाच ठेवलेले दोन खड्डे आणि त्यांच्याआधी एक लहान चेंबर, ज्यातून मैला एका वेळी एकाच खड्ड्यात सोडायचा असतो. पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा साधारण पाच वर्षांत भरतो. मग त्याचे तोंड विटेने बंद करून दुसरा चालू करायचा. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे तसाच मिटून ठेवला की आतल्या मैल्याचे वास नसलेले खत होते आणि ते शेतात घालता येते.

प्रत्यक्षात गवंडी सांगतो, ‘दोन कशाला, सिमेंटच्या रिंगा टाकून एकच खोल मारूया, नातवंडं येईपर्यंत भरायचा न्हाई.’ घरधन्यालाही ते पटते, कारण उद्या हे उपसणार कोण, ही धास्ती त्याच्या मनात असते. ती धास्ती जातीच्या जुन्या घाणेरड्या व्यवहारातून आलेली आहे, हेही इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. माणसाकरवी मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा पूर्ण न कुजलेल्या मैल्याविषयी आहे; पूर्ण कुजून माती झालेला खड्डा घरच्या माणसाने स्वतः खोऱ्याने रिकामा करण्यात कमीपणा नाही आणि धोकाही नाही. जिथे दोन खड्डे आहेत, तिथेही बऱ्याचदा दोन्ही एकदमच चालू असतात. मी पाहिलेल्या एका घरी तर चेंबरच्या झाकणावरून अंगणाची फरशी घातली होती आणि त्यावर जळणाची मोळी रचलेली होती.

खोल खड्ड्याचा खरा त्रास पावसाळ्यात होतो. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आषाढात विहिरीचे पाणी वाकून घागर बुडवता येईल इतके वर येते. उथळ खड्ड्यातले पाणी मातीच्या थरातून गाळत झिरपते आणि बरेचसे जंतू तिथेच अडकतात. रिंगांचा खड्डा मात्र भूजलातच उभा राहतो आणि मैला गाळला न जाता थेट पाण्याला मिळतो. अशा जागी खड्डा उथळच हवा आणि विहिरीपासून निदान १० मीटर दूर. भाऊवाटणीत परड्यांच्या पट्ट्या झालेल्या गावांत हे अंतर राखणे अवघड आहे, हे मान्य; पण म्हणूनच जागा ठरवताना शेजाऱ्याची विहीरही मोजली पाहिजे. ज्यांनी सेप्टिक टाकी बांधली, त्यांनी टाकीचे पाणी शोषखड्ड्यात न सोडता गल्लीच्या गटारात सोडले आहे, आणि त्याच गटाराकाठी पोरे खेळतात.

ग्रामपंचायतीने मृगाच्या आधी प्रत्येक घरचे चेंबर उघडून पाहावे, कोणता खड्डा चालू आहे याची नोंद ठेवावी आणि गवंड्यांना एकदा बसवून हे काम समजावून द्यावे. मराठी भाषक गावांत ही माहिती मराठीतही द्यावी. कन्नड पत्रक घराघरांत पोहोचते, पण ज्या सासवा-सुनांनी ते वाचायचे, त्यांच्या उपयोगी पडत नाही. शौचालयात फिनेल-अॅसिड ओतू नये आणि न्हाणीचे पाणी या खड्ड्यात सोडू नये, एवढ्या दोन गोष्टी त्यांना सांगितल्या तरी खड्डा नीट चालेल. नव्या अनुदानाचा शेवटचा हप्ता देताना पीडीओंनी (ग्रामपंचायत विकास अधिकाऱ्यांनी) शौचालयाच्या फोटोबरोबर उघड्या चेंबरचाही फोटो मागावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव