किक मात्र मारू नका

केम्निट्स, जर्मनी, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही "हं, बरंय, आईशी बोल" एवढंच म्हणता, म्हणून लिहायला बसले. पोस्टानं यायला फार दिवस लागतील, तेव्हा पानांचे फोटो दादाला पाठवते आहे. तो वाचून दाखवेल. दादा, कार लावायला अप्पांच्या येझदी मोटरसायकलची जागा तुला हवी आहे हे मला ठाऊक आहे. तरी मधलं काही गाळू नकोस.

परवा आई म्हणाली, येझदी बघायला कुणीतरी येऊन गेलं. चादर काढून चारी बाजूंनी फोटो घेतले, टाकीवर टिचकी मारली, "हे सगळं नवं करून टाकू" म्हणाला आणि एक आकडा सांगितला. तुम्ही म्हणालात, "बघू." अप्पा, तुमचं "बघू" मी लहानपणापासून ऐकते आहे. चाटी गल्लीतल्या त्या व्यापाऱ्यानं चादरींचे पैसे थकवले तेव्हाही तुम्ही "बघू"च म्हणाला होतात. पैसे काही आले नाहीत.

तर इथलं सांगते. आमच्या इमारतीच्या मागे गॅरेजांची एक रांग आहे. सप्टेंबरातल्या एका रविवारी पोह्यांची फोडणी करत होते आणि खालून आवाज आला. रिंग डिंग डिंग, मध्येच एक ठोका गाळायचा, पुन्हा डिंग डिंग. मोहरी जळाली. तशीच गॅस बंद करून खाली गेले. तळमजल्यावरचे आजोबा एका जुन्या मोटरसायकलशेजारी उभे, मागे निळा धूर. एमझेड कंपनीची टीएस १५०, टू स्ट्रोक, म्हणजे आपल्या येझदीसारखीच पेट्रोलमध्ये तेल मिसळायची, पूर्व जर्मनी होती तेव्हाची. मी काही न बोलता धुराचा वास घेत उभी राहिले, तसे ते हसले. त्यांना इंग्रजी येत नाही, माझं जर्मन कामापुरतं. कार्बोरेटरला इथं फेरगाझर म्हणतात, पिस्टनला कोल्बन. पण वस्तू हातात घेतली की फारसं बोलावं लागत नाही.

त्यांना मी आपल्या येझदीचा फोटो दाखवला. येझदी हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, पण फोटो बघताक्षणी "यावा!" म्हणाले. इथं जावाला यावा म्हणतात. मी सांगितलं की म्हैसूरला १९६१ पासून जावा तयार व्हायची, नंतर तिचंच नाव येझदी झालं आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. जावा या नावातला 'जा' यानेचेक या चेक गृहस्थांचा, आणि 'वा' वांडरर कंपनीचा. १९२९ साली यानेचेक यांनी वांडररच्या मोटरसायकलचे हक्क घेऊन प्रागमध्ये जावा सुरू केली. आणि वांडरर होती या केम्निट्सचीच! तुमच्या गाडीचं आजोळ ज्या गावात आहे तिथं मी दीड वर्ष राहते आहे आणि मला पत्ताच नव्हता. (पहिली जावा ५०० सीसीची फोर स्ट्रोक होती, म्हणजे नातं नावापुरतंच. पण आजोळ ते आजोळ.)

टू स्ट्रोकचं खरं गाव इथून जवळच आहे, चोपाउ. डीकेडब्ल्यू कंपनी तिथली. रासमुसेन नावाच्या डॅनिश माणसानं ती काढली, आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी जगात सगळ्यात जास्त मोटरसायकली तीच बनवत होती. तिच्या आरटी १२५ या गाडीची महायुद्धानंतर इंग्लंड, अमेरिका, रशिया सगळ्यांनी नक्कल केली. यामाहाची १९५५ ची पहिलीवहिली मोटरसायकलसुद्धा तिच्यावरूनच बेतलेली. काकाला सांगा, ज्या यामाहा आरएक्स १०० वरून तो तुमच्या येझदीला "म्हैस" म्हणायचा, तिचं मूळही इथलंच आहे. आजोबा मला ऑगस्टुसबुर्गच्या किल्ल्यातलं मोटरसायकल संग्रहालय दाखवायला घेऊन गेले. तिथं त्यांनी एमझेडच्या वाल्टर काडेन या इंजिनियरबद्दल सांगितलं. सायलेन्सरचा पाइप आधी फुगवत न्यायचा आणि मग निमुळता करायचा, म्हणजे धुराच्या दाबाची लाट मागे उलटते आणि बाहेर निसटू बघणारं ताजं पेट्रोल पुन्हा सिलिंडरात ढकलते. झडप नाही, स्प्रिंग नाही, नुसत्या पाइपच्या आकारावर ताकद वाढते. १९६१ साली एमझेडचा रेसर डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून परत आलाच नाही, पळून गेला आणि ही विद्या घेऊन सुझुकीला मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीवर तो ५० सीसीचा जगज्जेता झाला. आजोबांना त्याचा राग अजून आहे. साठ वर्षं उलटून गेली, पण सांगताना हातातला पाना त्यांनी बाकावर आपटला.

तर आता मुद्द्याचं. दादा, हे सावकाश वाच.

अप्पा, तामलवाडीचा दिवस तुम्हाला आठवत असणारच. २०१३, माझा बारावीचा निकाल लागला म्हणून आपण दोघं तुळजापूरला निघालो होतो. त्याआधी पंधरा दिवसांपूर्वी गाडीचं बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून, नवा पिस्टन टाकला होता. रनिंग इन चालू होतं, नवा पिस्टन हळूहळू रुळवायचा होता, म्हणून तुम्ही चाळीसच्या वर जात नव्हतात. ऊन असं की डांबर चिकटत होतं. तामलवाडीच्या अलीकडे इंजिनातून बारीक कुरकुर आली आणि मागचं चाक एकदम जाम झालं. तुम्ही झटकन क्लच दाबलात म्हणून आपण पडलो नाही. बाभळीखाली अर्धा तास थांबलो, गाडी गार झाली, किक फिरली. पण तुम्ही सुरू केली नाहीत. टेम्पोत टाकून घरी आणलीत.

घरी आईनं एकच विचारलं, "तेल घातलं होतं ना?" तुम्ही काही बोलला नाहीत. ती जुनी मयूरपंखी चादर आणून गाडीवर टाकलीत, ती आजतागायत.

तुम्हाला वाटतंय की तुम्ही तेल कमी घातलं. मला तेव्हाही कळलं होतं, पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून बोलले नाही. आता सांगते. त्या दिवशी सकाळी पंपावर माप मी धरलं होतं. पाच लिटर पेट्रोल, शंभर मिलीची दोन मापं टू टी ऑइल, आणि नंतर तुम्ही गाडी दोन्ही बाजूंना हलवलीत, नेहमीसारखी. दुसरं माप भरताना माझ्या ओढणीवर तेल सांडलं. तो डाग अजून निघालेला नाही. ओढणी कपाटात खालच्या खणात असेल, आईला विचारा.

मग जाम का झाली? इथं आजोबांबरोबर इंजिन उघडताना कळायला लागलं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो. म्हणून बोअरिंग करताना दोघांत फट सोडावी लागते, आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजतात. फट कमी पडली की पिस्टन चार कोपऱ्यांना घासतो आणि चार जागी उभे ओरखडे उठतात. तेल कमी पडलं असेल तर ओरखडे सगळीकडे पसरतात. आजोबांच्या खणात दोन्ही तऱ्हेचे जुने पिस्टन आहेत, त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवले. दुसरीही शक्यता आहे. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत दाबली जाते. तिथलं सील कडक होऊन हवा ओढायला लागलं, तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आणि मग तेल कितीही घाला. ज्यांनी बोअरिंग केलं त्यांनी सील बदललेच नव्हते. बिल मी पाहिलं होतं, त्यात सील नव्हते.

तुम्ही तेलाच्या बाबतीत चुकाल हे मला मुळात पटतच नव्हतं. तुळजापूरचा घाट उतरताना तुम्ही मधूनमधून उगाच ॲक्सिलेटर पिळायचात. मी टाकीवर बसलेली असायचे, मला वाटायचं माझ्या गमतीसाठी करता. आजोबांनी सांगितलं तेव्हा उलगडलं: पेट्रोलबरोबरच तेल जातं, म्हणून उतारावर ॲक्सिलेटर बंद ठेवला की इंजिन फिरत राहतं पण तेल मिळत नाही. जो माणूस उतारावर इंजिनाला घोटभर तेल पाजत होता, तो पंपावर विसरेल?

म्हणून म्हणते, गाडी विकू नका. जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या जत्रेआधी मी येते आहे, तिकीट काढलंय. आपण दोघं हेड आणि सिलिंडर काढू आणि ओरखडे बघू. तोवर एवढं करा. प्लग काढून त्या भोकातून दोन चमचे तेल सोडा आणि प्लग परत हातानं बसवून ठेवा. टाकीत काही उरलं असेल तर काढून टाका. ते पेट्रोल राहिलेलं नसणार, डिंक झालेला असेल. टाकीचा गंज मी आल्यावर व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून खळखळवीन, इथं एक टाकी तशी साफ केली आहे. सायलेन्सरच्या जाळ्या काढून ठेवल्यात तरी चालेल. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही त्या विस्तवात जाळून काजळी झाडायचात आणि सगळी गल्ली नाकाला रुमाल लावायची. यंदा आईची परवानगी काढा.

सील आणि बेअरिंग मी इथून घेऊन येईन, मापं काढून पाठवा. बेअरिंग हातोड्यानं ठोकायची नाहीत. क्रँककेस ओव्हनमध्ये शंभर अंशांपर्यंत तापवायचं आणि बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये. आजोबांची बेअरिंग माझ्या फ्रीझरमध्ये होती, मी करून ठेवलेल्या पुरणाशेजारी. सकाळी नेऊन दिली, त्यांनी तापलेल्या केसमध्ये सोडली, टक् असा बारीक आवाज आला आणि बसली. ठोकाठोक नाही. आपल्याकडे ओव्हन नाही, पण साखर पेठेतल्या बेकरीवाल्याला विचारता येईल. तो तुम्हाला नाही म्हणणार नाही.

आणि टाकीला रंग द्यायचा नाही. तो माणूस टिचकी मारून "नवं करू" म्हणाला ना, तिथंच डाव्या अंगाला माझ्या शाळेच्या पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे आहेत. पहिली ते चौथी, रोज सकाळी. मागच्या सीटचा रेक्झिन चादरींच्या गठ्ठ्याच्या दोरीनं कापलाय, तोही तसाच राहू दे. इथं लोक दोन तऱ्हेनं गाड्या करतात. काहींच्या गाड्या शोरूममधून निघाल्यासारख्या चकचकीत असतात, आणि त्या बघून मला लग्नातल्या मेकअपची आठवण येते. आजोबांच्या गाडीचं आतलं सगळं नवं आहे आणि बाहेरचा रंग १९७० च्या दशकातला. मला तशी हवी.

दादा म्हणेल, धूर करणारी गाडी कशाला हवी. त्याचं चूक नाही. न जळलेलं पेट्रोल आणि तेल दोन्ही हवेत जातं, म्हणून तर या गाड्या बंद झाल्या. सात रस्त्याला रिक्षांच्या मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे, ते मी विसरलेले नाही. रोज फिरवायला मी म्हणतच नाही. महिन्यातून एकदा होटगी रोडनं जाऊन यायचं, बास.

गड्ड्यात अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याच दिवशी आपल्या सिलिंडरलाही करू. सिद्धेश्वर रागावणार नाहीत.

आईला सांगा, शेंगाची चटणी संपली. डबा घेऊन मी स्वतःच येते आहे, पार्सल करू नका. इथं थंडी पडायला लागली आहे, पण दोन चादरी आहेत. दोन्ही आपल्याच मागावरच्या.

तुमची,
धाकटी

ता. क. तो माणूस परत आला आणि "चालू होते का बघू" म्हणाला, तर त्याला किक मारू देऊ नका. तुम्हीही मारू नका. पिस्टनवरचे ओरखडे पुसट होतील, आणि मला ते चार आहेत का हे तुमच्यासमोर मोजायचंय.